उर्फ मफीबोशेथ

माणसाच्या नावात काना-मात्रेचीसुद्धा चूक करू नये, हा धडा मला शाळेने दिला नाही, बँकेने दिला. शाळेत मास्तर माझे नाव वाटेल तसे उच्चारीत आणि मी निमूटपणे 'हजर' म्हणत असे. बँकेत तसे चालत नाही. आधारकार्डावर 'दत्तात्रय', पॅनकार्डावर 'दत्तात्रेय' आणि पासबुकावर नुसता 'दत्तू' असलेला गृहस्थ काउंटरवर आला, की हे तिघे एकच आहेत याचे प्रतिज्ञापत्र आम्ही त्याच्याकडे मागतो. समोर तो एकटाच उभा आहे, हे आम्हाला दिसत असते. पण दिसण्यावर बँक चालत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक येऊन बसला होता, पण जाडजूड लेजरे अजून बाहेर गेली नव्हती. ती सांभाळणाऱ्या हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी मला कानमंत्र दिला. "हे बघा, चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर नोंद करायची आणि बाजूला छोटी सही ठोकायची. खोडरबर घरी पोराला द्यायचं." या चार वाक्यांवर मी वीस वर्षे नोकरी केली आहे. बी. कॉम.ला तीन वर्षे घालवून एवढे शहाणपण मिळाले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, हे पाल्हाळ कशासाठी? तर भांडणासाठी. माझे भांडण एका पुस्तिकेशी आहे आणि एका नावावरून आहे. ते नाव ना माझे, ना माझ्या घरातल्या कोणाचे. ते आहे मफीबोशेथ.

घडले ते असे. माझ्या बहिणीच्या मुलीचे बारसे होते, म्हणून मी स्टँडवरून नावांची एक पुस्तिका विकत घेतली. हजारो नावे, प्रत्येकापुढे अर्थ, आणि अर्थही कसा, तर दोन शब्दांत. ती मी जेवणाच्या सुट्टीत शाखेत काढली. मग काय! जो तो आपले नाव शोधू लागला. तोंडाचा पट्टा कधी न थांबणाऱ्या आमच्या एका शिपायाच्या नावाचा अर्थ 'मितभाषी' निघाला. हसून हसून पोटे दुखली.

आमचे हेडकॅशियर नगरकडचे ख्रिस्ती. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. लहानपणी पोलिओने त्यांचा पाय गेला, तेव्हापासून ते लंगडत चालतात; पण चाळीस वर्षांत त्यांच्या कॅशमध्ये एक रुपयाचा फरक आलेला नाही. ते म्हणाले, "माझं बारशाचं नाव राहू द्या. माझं टोपणनाव बघा. संडे स्कूलमधली पोरं मला मफीबोशेथ म्हणायची."

पुस्तिकेत शेवटी 'बायबलमधील नावे' असा भाग होता. त्यात ते सापडले. मी मोठ्याने वाचले : "मफीबोशेथ : लज्जेच्या मुखातून निघालेला. लाजिरवाणा."

कोणीतरी फिसकन हसले. भाऊसाहेबही हसले. पण त्यांनी डबा लावला, तेव्हा त्यात अर्धी पोळी शिल्लक होती. भाऊसाहेब अन्न टाकत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत माहीत आहे.

त्या अर्ध्या पोळीने मला हिब्रूकडे ढकलले. हिब्रूशी माझा पूर्वीचा संबंध एवढाच, की ती उजवीकडून डावीकडे लिहितात. आणि आमचे ऑडिटरही खाते तसेच वाचतात, शिल्लकेपासून मागे. पण मी हट्टाला पेटलो. भाऊसाहेबांचे मराठी बायबल मागून आणले, ग्रंथालयातून कोश आणले. घरी पहिल्या दिवशी हिने विचारले, "अहो, धर्म बदलताय की नोकरी?" मी म्हटले, "दोन्ही नाही. एक नोंद तपासतोय."

आधी खातेदाराची ओळख करून देतो. इस्राएलचा पहिला राजा शौल. त्याचा मुलगा योनाथान, दावीदाचा जिवाभावाचा मित्र. या योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. आजोबा आणि बाप दोघेही लढाईत पडल्याची बातमी आली, तेव्हा हे पोर पाच वर्षांचे होते. दाई त्याला उचलून पळाली, घाईत पोर खाली पडले आणि दोन्ही पायांनी कायमचे अधू झाले. पुढे दावीद राजा झाला. शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे का, योनाथानासाठी मला त्याचे भले करायचे आहे, अशी त्याने चौकशी केली. तेव्हा लो-दबार नावाच्या गावी, दुसऱ्याच्या घरी आश्रयाला असलेला हा माणूस सापडला. दावीदाने त्याला शौलाची जमीन परत दिली आणि रोज राजाच्या पंगतीला जेवायला बसवले. जमीन कसायला शौलाचा जुना नोकर सीबा नेमला. या सीबाला पंधरा मुलगे आणि वीस नोकर होते. म्हणजे नोकराच्याच हाताखाली वीस नोकर! हा मनुष्य कुठे ना कुठे व्यवहार करणार, हे बँकेतल्या माणसाला लगेच कळते.

तसेच झाले. दावीदाच्या मुलाने बंड केले आणि दावीद यरुशलेम सोडून निघाला. वाटेत हा सीबा हजर. सोबत खोगीर घातलेली गाढवे, दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड आणि द्राक्षारसाचा बुधला. "तुझा धनी कुठे आहे?" दावीदाने विचारले. सीबा म्हणाला, तो मागेच राहिला, आजोबांचे राज्य आपल्याला मिळेल म्हणतो. झाले! राजाने तिथल्या तिथे सगळी मालमत्ता सीबाच्या नावे केली. खातेदार गैरहजर, कागद नाही, साक्षीदार नाही. नोकराच्या तोंडी सांगण्यावरून खाते वर्ग! आमच्याकडे असे कोणी केले असते तर दुसऱ्या दिवशी सस्पेन्शनची ऑर्डर हातात पडली असती.

बंड मोडून दावीद परत आला, तेव्हा मफीबोशेथ त्याला भेटायला आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढीमिशी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. हे त्याने स्वतः सांगितलेले नाही. हे ग्रंथ लिहिणारा आपल्या शब्दात सांगतो. म्हणजे साक्ष त्रयस्थाची आहे. तो म्हणाला, मी पांगळा, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, पण नोकराने मला फसवले. यावर राजाने काय करावे? चौकशी? छे! "तू आणि सीबा जमीन वाटून घ्या." खोटे बोलणाऱ्याला अर्धी आणि खरे बोलणाऱ्याला अर्धी. आणि हा अधू माणूस काय म्हणाला? राजा सुखरूप परत आला ना, मग सगळीच त्याला घेऊ द्या.

या माणसाला पुस्तिका म्हणते 'लाजिरवाणा'. या सगळ्या गोष्टीत लाज कोणाला वाटायला हवी, ते तुम्हीच ठरवा.

आता नावाकडे येऊ. हिब्रूत 'मि' म्हणजे 'पासून', 'पी' म्हणजे 'चे मुख' आणि 'बोशेत' म्हणजे 'लाज'. तीन तुकडे जोडले की 'लज्जेच्या मुखातून'. पुस्तिकेचे काम संपले. पण मला पहिला प्रश्न पडला तो बापाचा. राजपुत्र योनाथान, ज्याच्या स्वतःच्या नावाचा अर्थ 'परमेश्वराने दिले' असा आहे, तो आपल्या मुलाचे नाव 'लाज' का ठेवील?

उत्तर दुसऱ्या वहीत सापडले. बायबलात एकाच घराण्याचा हिशेब दोन ठिकाणी आहे. एक वही शमुवेलाची, दुसरी इतिहासाची. शमुवेलाच्या वहीत योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या आणि नवव्या अध्यायांत, शौलाची वंशावळ आहे. तिथे योनाथानाच्या मुलाचे नाव मरीब-बआल! दोन्हीकडे त्याच्या मुलाचे नाव मात्र मीखा. म्हणजे माणूस एकच, नावे दोन. आमच्या भाषेत 'उर्फ'.

आणि हा एकच मामला असता तर लेखनिकाची डुलकी म्हणून सोडून दिले असते. पण शौलाचा दुसरा मुलगा शमुवेलात ईश-बोशेथ आहे, म्हणजे 'लाजेचा माणूस'. तोच इतिहासात एश्बाल आहे, म्हणजे 'बआलचा माणूस'. गिदोनालाही सोडलेले नाही. शास्ते या पुस्तकात त्याचे दुसरे नाव यरुब्बाल. शमुवेलात एके ठिकाणी ते यरुब्बेशेथ झाले आहे. जिथे जिथे 'बआल', तिथे तिथे 'लाज'. याला डुलकी म्हणत नाहीत. याला खाडाखोड म्हणतात.

हा बआल कोण? कनानी लोकांचा पाऊसपाण्याचा देव, हे खरे. पण त्याआधी तो एक साधा शब्द आहे. हिब्रूत बआल म्हणजे मालक, धनी आणि नवरासुद्धा. आजही इस्राएलमध्ये बायको नवऱ्याला 'बआली' म्हणते, म्हणजे 'माझा नवरा'. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही खेड्यातली बाई 'मालक शेतावर गेलेत' म्हणते, तेव्हा ती घरमालकाविषयी बोलत नसते. 'धनी' या आपल्या एका शब्दात मालकही आला आणि नवराही आला. (हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "बरं. धनी, गॅस संपलाय.")

जुन्या काळी इस्राएली लोक आपल्या परमेश्वरालाही 'धनी' म्हणत असावेत, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याला पुरावा आहे. दावीदाला येऊन मिळालेल्या शौलाच्या भाऊबंदांत बआल्या नावाचा एक वीर आहे. त्या नावाचा अर्थच 'परमेश्वर धनी आहे' असा होतो. पुढे होशेयाच्या काळी, म्हणजे इसवीसनापूर्वी आठव्या शतकात, त्या शब्दाला कनानी देवाचा वास इतका चिकटला, की होशेय सांगू लागला : यापुढे देवाला 'माझा पुरुष' म्हणाल, 'माझा बआल' म्हणणार नाही. यिर्मयाने तर बआलच्या वेद्यांना सरळ लाजेच्या वेद्या म्हटले. नक्कल करणाऱ्या कोणा भाविक लेखनिकाने तेच धोरण नावांना लावले. तो शब्द तोंडाने उच्चारायला नको, म्हणून त्याने तिथे 'बोशेत' लिहून ठेवले. 'मरीब'चे 'मफी' कसे झाले, यावर पंडितांचे एकमत नाही. पण बहुतेकांचे म्हणणे असे, की शेवटची 'लाज' मागाहून आली आहे.

मी त्या लेखनिकाच्या श्रद्धेविरुद्ध नाही. माझी तक्रार त्याच्या कामाविरुद्ध आहे. बदल करायचा तर रेघ मारायची, खालचे वाचता येऊ द्यायचे आणि सही करायची. याने खोडरबर वापरले.

आणि त्यातही बघा, पक्षपात कसा असतो तो. खुद्द दावीदाला एक मुलगा होता, त्याचे नाव बएल्यादा, 'बआल जाणतो'. इतिहासाच्या चौदाव्या अध्यायात ते तसेच आहे. शमुवेलात मात्र तो एल्यादा झाला आहे, 'देव जाणतो'. म्हणजे राजाच्या पोराच्या नावातून बआल काढला, तेव्हा रिकाम्या जागी 'देव' बसवला; आणि हरलेल्या राजाच्या पांगळ्या नातवाच्या नावातून काढला, तेव्हा 'लाज' बसवली! तीन हजार वर्षांत दुनिया बदलली म्हणतात. कुठल्याही कचेरीत साहेबाच्या मुलाच्या अर्जातली चूक कशी दुरुस्त होते आणि चपराशाच्या मुलाच्या अर्जातली कशी, ते बघून या आणि मला सांगा.

आता प्रतिपक्षाची बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही मला सीबा म्हणाल. 1975 साली मातित्याहू त्सेवात या विद्वानाने असे मांडले, की ही खाडाखोड नाहीच. बाबिलोनकडच्या अक्कादी भाषेत 'बाश्तु' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ प्रतिष्ठा, मान, पाठराखी दैवी शक्ती. नावातला 'बोशेत' तोच असू शकतो, आणि या माणसाला दोन्ही नावे पहिल्यापासून असू शकतात. त्यांचे म्हणणे मला पटवून घ्यायला हरकत नाही. पण मग काय निघाले? नावातली लाज लाज नसून आब ठरली! म्हणजे खाडाखोड मानली, तर 'लाज' त्याची नव्हे; आणि न मानली, तर ती 'लाज'च नव्हे. पुस्तिका दोन्हीकडून खोटी. दोन्ही बाजूंनी बाउन्स होणारा चेक मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

मग मरीब-बआलचा अर्थ काय? 'रीब' म्हणजे वाद, तंटा, कोर्टातला खटला. काही जण अर्थ लावतात 'बआलशी भांडणारा'. दुसरे लावतात 'बआल भांडतो', म्हणजे धनी भक्ताचा कैवार घेऊन भांडतो. मला हा दुसरा जवळचा वाटतो. ज्याच्या वतीने राजाच्या दरबारात कोणी चकार शब्द काढला नाही, त्याच्या बापाने त्याच्या नावातच वकील देऊन ठेवला होता. तो वकीलच कोणीतरी खोडला.

हे सगळे वाचून होईपर्यंत माझ्या मनात एक शंका होती, की अशी 'बआल'वाली नावे माणसे खरोखर ठेवीत का? इथे मदतीला विद्वान आले नाहीत, कारकून आले. 2012 साली इस्राएलमध्ये खिर्बेत कैयाफा येथे एका रांजणाचे तुकडे सापडले. ते जोडून 2015 साली त्यावरचे नाव जाहीर झाले : एश्बाल, बेदाचा मुलगा. शौलाचा मुलगा तो हा नव्हे. पण रांजण साधारण त्याच सुमाराचा, तीन हजार वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्याही आधी, 1910 साली, शोमरोन या जुन्या राजधानीच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे मिळाली होती. ती होशेयाच्याच शतकातली. त्यांवर काय होते? स्तोत्रे? भविष्ये? नाही. मद्य आणि तेल कोणत्या गावाहून, कोणाकडून, किती आले, त्याच्या नोंदी! माझ्या धंद्यातला माणूस! त्यातल्या एका खापरावर चार नावे आणि पुढे आकडे आहेत. शेवटची नोंद अशी : मरीबआल, एक.

एक काय, ते लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माहीत होते. हा मरीबआलही योनाथानाचा मुलगा नव्हे, त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला कोणी साधा माणूस. पण ती नोंद वाचून मी रात्री साडेअकरा वाजता एकटाच टेबलावर हात आपटला. संदेष्टे 'बआल'ला लाज म्हणत होते त्याच काळात, एका कारकुनाने समोरच्या माणसाने सांगितले तसे नाव लिहून घेतले होते. अर्थ विचारला नाही, शेरा मारला नाही, उपदेश केला नाही. मरीबआल, एक. पुढचा! कारकुनाला अक्कल नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे खापर एकदा डोळ्यांखालून घालावे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. नावाचा अर्थ दोन शब्दांत सांगणारी पुस्तिका अर्थ सांगत नाही, निकाल देते. तोही कोणाच्या तरी खाडाखोडीवरून. आणि पांगळा माणूस, नावही लाजेचे, बघा कसे जुळते, असे म्हणून त्यावर प्रवचन झोडणाऱ्यांनी आधी दुसरी वही उघडून बघावी. ती त्याच ग्रंथात, थोडी पाने पुढे आहे. ज्याला आपण 'नावाप्रमाणे निघाला' म्हणतो, त्याचे नाव कदाचित आपल्यासारख्याच कोणीतरी मागाहून लिहिलेले असते.

हे सगळे टिपण मी दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या पुढे ठेवले. त्यांनी कॅश मोजावी तसे एकेक पान बोट लावून वाचले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या टोपणनावाचा अर्थ 'धनी माझ्यासाठी भांडतो' असा?"

"एक अर्थ तसा लागतो."

"आणि धनी नाही आला भांडायला, तर?"

"मी भांडतोय ना, भाऊसाहेब."

"तुम्ही?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "अहो लेखकमहाशय, डोक्यावरचा पंखा बदलून मागायला मॅनेजरच्या केबिनमध्ये जायची तुमची छाती नाही!"

हे खरे होते, म्हणून मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पोरं चिडवायची, त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. राजाच्या पंगतीला रोज बसणारा होता तो. मी मनात म्हणायचो, बसा चिडवत, माझं पान तिकडे मांडलंय." एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातली पुस्तिका घेतली, फूटपट्टी काढली, 'लाजिरवाणा'वर एक आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'मूळ नाव मरीब-बआल' असे लिहिले आणि बाजूला छोटी सही ठोकली. खालचे वाचता येत होते.

पुस्तिका मी तशीच बहिणीकडे दिली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, नव्या पुस्तकात ही खाडाखोड कोणी केली रे?"

मी म्हटले, "खाडाखोड नव्हे ती. सही बघ."